पातेलें आणि ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं भारतीयांच्या आहाराविषयीं १७ सूत्रें प्रसिद्ध केलीं. १९१८ सालीं कुन्नूर येथें बेरीबेरी रोगाच्या शोधार्थ एका खोलींत निघालेल्या प्रयोगशाळेचा ही संस्था म्हणजे विस्तार; तेव्हां तिचा शब्द वाऱ्यावर सोडण्याजोगा खास नाहीं. दिवसास २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या ताटांत धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी अथवा अंडीं-मांस ८५ ग्रॅम, शिवाय फळें, दूध, तेलबिया आणि बेतानें तेल, असा तिचा हिशेब आहे. निम्म्याहून कमी उष्मांक धान्यापासून यावेत, हें त्यांतील मर्म. भात आणि पोळी यांभोंवतीं ज्यांचें जेवण फिरतें त्या आम्हां लोकांस तें जड वाटेल, पण पटण्यासारखें आहे.

आमची शंका निराळी आहे. हा हिशेब एका माणसाच्या ताटाचा झाला. घरांत अन्न शिजतें तें पातेल्यांत, आणि पातेल्यांतून ताटांत येण्यापूर्वीं त्याची वांटणी व्हावी लागते. वांटणी आली कीं वैद्यकाची हद्द संपून नीतीची सुरू होते. बाजारांतून डाळ-भाजी अगदीं सूत्राबरहुकूम आली, तरी सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वांट्यास काय येतें, तें पाहावें. आमटीचें पाणी उरलेलें असतें, भाजी खरवडून निघते. पोळी आणि भात मात्र मुबलक. तिचें पोट भरतें, पण धान्यानें भरतें. वर लगेच चहा होतो, आणि चहांतील टॅनिन अन्नांतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण २५ होतें. ह्या सर्व अंतराचें खापर पंगतीच्या क्रमावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. मासिक धर्म आणि बाळंतपण यांनीं स्त्रीचें लोह अधिक खर्च होतें. पण ज्याचा खर्च अधिक, त्याच्याच ताटांत शिल्लक वाढावी, हा कोठला व्यवहार?

परंपरेचें नांव येथें पुढें केलें जातें, म्हणून सांगावयाचें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गर्भिणी, रोगी आणि नव्यानें घरांत आलेल्या सुना यांना अतिथींच्याही आधीं जेवूं घालावें असें म्हटलें आहे. आणि सर्वांमागून उरलेलें खावयाचें तें दंपतीनें, म्हणजे नवरा-बायकोनें मिळून. स्मृतींतील पुष्कळ गोष्टी आम्हांस अमान्य आहेत. पण ही एक आमच्या घरांनीं मोठ्या सोयीनें अर्धीच पाळली. यजमान उठून पहिल्या पंगतीस बसला आणि गृहिणी जेथल्या तेथें राहिली!

कोणी म्हणेल, ती हें प्रेमानें करते. तिचें सुख वाढण्यांत आहे, तें तुम्ही कां हिरावून घेतां? हा आक्षेप पोकळ नाहीं. प्रेमानें दिलेल्या घांसाची बरोबरी कोणताही तक्ता करूं शकणार नाहीं, आणि आपलेंच ताट ग्रॅमांनीं तोलीत बसणारा गृहस्थ आम्हांस तरी फारसा आदरणीय वाटत नाहीं. पण दान त्याचेंच, ज्याला न देण्याचीही मोकळीक आहे. “आज मला भूक लागली आहे, मी आधीं जेवतें,” असें म्हणतांना जिला संकोच वाटतो, तिच्या मागून जेवण्यास त्याग म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग आहे. शिवाय ज्या मुलासाठीं आई आपला घांस काढून ठेवते, त्याच्या पाठच्या भावंडाला ती आपल्याच रक्तांतून पोसणार असते. तेथें तिच्याजवळ देण्यास काय उरतें?

सर्वांनीं एकत्र बसावें, हें बहुतेक सुशिक्षित घरें तत्त्वतः मान्य करितात. अडतें तें तव्यावरच्या पोळीपाशीं. पोळी गरम, फुगलेली, थेट ताटांत पडली पाहिजे असा हट्ट जोंवर पाटावर आहे, तोंवर चुलीपाशीं कोणी तरी उभें राहणारच; आणि तें ‘कोणी तरी’ कोण, हें विचारावें लागत नाहीं. डब्यांतली निवलेली पोळी कांहीं विष नव्हे. तीस मिनिटांपूर्वीं केलेली पोळी खावयास पुरुषमंडळी तयार आहेत काय, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.