झाकणाचे पर्याय

वस्तूचे काम संपले म्हणजे वस्तूही संपते काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी घट, वस्त्र आणि सोने यांच्या उदाहरणांवर तपासला. सोड्याच्या बाटलीचे दातेरी झाकण पुढे ठेवले तर तो अधिक बोचरा होतो, कारण हे झाकण एकदा वापरून फेकण्यासाठीच घडवलेले असते. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि त्याला 'क्राउन', म्हणजे मुकुट, हे नाव पडले. बाटली उघडली की या मुकुटाचे राज्य खालसा होते; तरीही ताडपत्री फाटू नये म्हणून खिळ्याखाली तेच झाकण वायसरसारखे बसवता येते, आणि ठोकून सपाट करून दोन भोकांतून दोरा ओवला की त्याचे गरगरणारे खेळणे होते.

जैन दर्शन येथे द्रव्य आणि पर्याय असा भेद करते: द्रव्य म्हणजे टिकणारे मूळ, पर्याय म्हणजे त्याची येणारी-जाणारी अवस्था. (आजच्या मराठीत 'पर्याय' म्हणजे निवड, झाकणाला दोन्ही अर्थ लागू पडतात.) दिगंबर आचार्य समंतभद्र यांनी 'आप्तमीमांसे'त सोन्याचा घट मोडून मुकुट घडवल्याचे उदाहरण दिले आहे: घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि ज्याला केवळ सोने हवे तो तटस्थ राहतो, म्हणून उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी खरी ठरतात.

बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांच्या मते मात्र अर्थक्रिया, म्हणजे कार्य घडवण्याचे सामर्थ्य, हेच सत्तेचे लक्षण आहे आणि सत् ते क्षणिक. त्या हिशेबाने बाटलीवरचे झाकण आणि दोऱ्यावरचे खेळणे या दोन वेगळ्या वस्तू ठरतात. हे मत पटण्याजोगे नाही, कारण खेळण्याची धार त्याच पत्र्यातून आलेली असते.

समंतभद्रांच्या दाखल्यातही एक उणीव राहते, ती अशी की तिथली तिन्ही माणसे आपापली इच्छा आधीच घेऊन आलेली आहेत. झाकण उचलणाऱ्या मुलाला त्या क्षणापर्यंत काहीच नको असते. हातातला पत्रा वाकतो हे कळल्यावरच त्याला खेळणे सुचते, म्हणजे इथे इच्छाच वस्तूच्या गुणातून उपजते. प्लास्टिकचे आट्याचे झाकण ठोकले तरी नीट सपाट होत नाही, म्हणून त्याच मुलाला त्यात गाडीचे चाक दिसते.