वयाला बांधलेली विद्या

काही विद्या माणसासाठी थांबतात, काही थांबत नाहीत. संस्कृत साठाव्या वर्षी शिकायला घेता येते. चाळिशीत आरंभलेले गाणेही निदान स्वतःपुरते समाधान देते. व्यावसायिक बॅले ही सवड देत नाही. मांडीचे हाड खुब्याच्या सांध्यातून बाहेरच्या दिशेला वळवणे, हा त्या नृत्याचा पाया आहे. अस्थिबंध कोवळे असतात त्या वयातच हे वळण शरीरात मुरते. पुढे ते बळाने आणू गेल्यास त्याची किंमत गुडघ्यांना मोजावी लागते. म्हणून 1738 पासूनचा वारसा सांगणाऱ्या सेंट पीटर्सबर्गच्या व्हागानोव्हा अकादमीत मूल दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रवेश घेते आणि आठ वर्षांनी नर्तक होऊन बाहेर पडते. दुसरे टोकही तितकेच कठोर आहे. पॅरिस ऑपेराच्या बॅलेत नर्तकाच्या निवृत्तीचे वय 42 आहे. आपल्याकडे त्या वयात नोकरदार माणूस बढतीची वाट पाहत असतो.

मी जालन्यात कथक शिकवते. सहा-सात वर्षांच्या मुली तत्कार, म्हणजे कथकचा मूळ पदन्यास, शिकायला येतात, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षा देतात आणि नववी संपता संपता वर्ग सोडतात. घरून येणारा निरोप ठरलेला असतो: ‘दहावी आहे, पुढच्या वर्षी पाहू.’ शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काहीजणी टिकतात. मी यासाठी पालकांना दोष देत नाही. मोसंबीची बाग दुष्काळात गेलेली असते, किंवा स्टील कारखान्यातल्या पगारावर घर चालत असते. अशा घराला एकच शिक्षण परवडते आणि ते पोटापाण्याला लावणारे असावे, ही अपेक्षा रास्त आहे. तथापि एक गोष्ट नजरेआड होते. बारा ते अठरा या ज्या वर्षांत आपण कला बाजूला ठेवायला सांगतो, नेमक्या त्याच वर्षांत जगातल्या बॅले शाळा दिवसाचे कित्येक तास मुलांकडून काम करून घेत असतात.

माझी एक विद्यार्थिनी अकरावीत असताना बॅलेच्या ध्यासाने झपाटली. मोबाइलवर पाहून तिने बरेच काही बसवले होते आणि तिच्या अंगात लय होती, यात शंका नाही. आईवडिलांच्या संमतीने मी तिला मुंबईला एका अनुभवी शिक्षकाकडे घेऊन गेले. त्यांनी तिला नाचायला सांगितलेच नाही. तिला उताणे झोपवले, पायांचे तळवे एकमेकांना जुळवायला लावले आणि बाजूला पडलेले गुडघे जमिनीपासून किती वर राहतात, हे वाकून पाहिले. मग सरावाच्या आडव्या दांडीजवळ उभे करून टाचा जुळवून गुडघे वाकवायला सांगितले. पावले बाहेर वळली होती, पण गुडघे पुढेच पाहत होते. वळण खुब्यातून आलेले नव्हते, घोट्यातून ओढून आणलेले होते. कथकने तिला तालाचे भान आणि चकरीत नजर स्थिर ठेवण्याची सवय दिली होती. पण कथकचे पाऊल सपाट तळव्याने जमिनीशी बोलते, बॅलेचे पाऊल जमीन सोडू पाहते. शिक्षकांनी शांतपणे सांगितले, ‘समकालीन नृत्य शिक, आनंदाने शिक, शास्त्रीय बॅले हा तुझा व्यवसाय होईल, असे मी म्हणणार नाही.’ समकालीन नृत्यसंस्थाही आज नर्तकाकडून बॅलेचा पाया मागतात, हेही त्यांनी लपवले नाही. परतीच्या गाडीत ती एवढेच म्हणाली, ‘ताई, हे पाचवी-सहावीत कळलं असतं तर?’

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. अमिरुद्दीन शाह हा नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा. मुंबईच्या ‘डान्सवर्क्स’मध्ये येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकाने त्याला घडवले आणि 2017 मध्ये, किशोरवयातच, तो लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोहोचला. त्याच शिक्षकाकडे शिकणारा टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान त्याच्याहून वयाने मोठा होता. मनीषची वाट अधिक लांबची आणि अधिक अवघड झाली. सूनी तारापोरवाला यांच्या 2020 च्या ‘ये बॅले’ या चित्रपटाला या दोघांच्या आयुष्याचा आधार आहे. गुरू एक, शहर एक, घरची परिस्थितीही सारखीच; अंतर होते ते प्रामुख्याने वयाचे. दारिद्र्य आपण पैशात मोजतो. अशा विद्येत ते वर्षांतही मोजावे लागते. लंडनच्या शुल्कासाठी दाते पुढे आले. गेलेली वर्षे कोणत्याही दात्याला देता येत नाहीत. बियाण्यांच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याला हे वेगळे सांगायला नको: उत्तम वाणही वाफसा गेल्यावर पेरले तर हाती काही लागत नाही.

शासनाला हे तत्त्व अमान्य आहे, असेही नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शाळकरी वयातच मुलांची चाचण्या घेऊन निवड होते आणि त्यांच्या निवासाची, आहाराची, शाळेची सोय केली जाते. धावपटूचे शरीर वयाला बांधलेले आहे, हे ज्या व्यवस्थेला कळते, तिने नर्तकाच्या शरीराला वेगळा न्याय लावावा, याला आधार नाही. मुंबईत बॅलेचे शिक्षण दशकांपासून मिळते. तुश्ना डल्लास यांची शाळा 1966 पासूनची आहे. पण चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या जालन्यातल्या मुलाला ती वाट दिसते तेव्हा वाटेवरून चालण्याचे वय बहुधा सरलेले असते.

याचा अर्थ प्रत्येक लवचीक मुलाला बॅलेकडे पाठवावे, असा नाही. या मार्गावर दुःख पुष्कळ आहे आणि फळाची शाश्वती नाही. पायाच्या अंगठ्यांवर भार तोलताना नखे काळी पडतात, घोटे सुजतात. दहा वर्षांची साधना एका दुखापतीने संपू शकते. अशा मुलांना निष्काम कर्माचा उपदेश करणे सोपे असते, विशेषतः ज्यांनी स्वतः काहीच पणाला लावलेले नसते त्यांना. आपल्या नृत्यपरंपरा वयाबाबत उदार आहेत. बिरजू महाराज सत्तरीनंतरही बसल्या जागी अभिनय करीत आणि रसिक त्यासाठी आवर्जून येत. वयाने शरीराकडून घेतलेले अभिनयाच्या रूपाने परत मिळते. बॅलेच्या नर्तकाला असा परतावा क्वचितच मिळतो. म्हणूनच त्या वाटेला लागणाऱ्या मुलाला तिचे संपूर्ण मोल आधी कळले पाहिजे.

वडीलधाऱ्यांचे कर्तव्य येथे सुरू होते. मुलाला होकार द्यावा की नकार, हा ज्या त्या घराचा अधिकार आहे. होकारात जोखीम आहे, नकारात दुःख आहे. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले असतील तर आदरास पात्र आहेत. ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर मात्र निर्णयासारखे भासत असले, तरी निर्णय नव्हे. ते निर्णयाचे काम काळावर सोपवणे आहे, आणि काळाचा निकाल अशा विद्येत नेहमी नकाराचाच असतो. तेव्हा मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच त्याला जाणत्या शिक्षकापुढे उभे करा, त्याच्या शरीराचे खरे काय ते ऐकून घ्या आणि मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण जे म्हणायचे ते वेळेत म्हणा.