सोपें करणें

विद्वानांचें लिहिणें सामान्यांस कळत नाहीं ही तक्रार जुनी आहे. तें सोपें करण्याचें काम आतां यंत्राकडे जात आहे, एवढेंच नवें. जर्मनींत ‘लाइष्टे श्प्राखे’, म्हणजे सोपी भाषा, या नांवाची एक लेखनपद्धति रूढ झाली आहे. बौद्धिक अपंगत्वामुळें ज्यांस कठिण मजकूर उमगत नाहीं त्यांच्या हक्कासाठीं ती निघाली, आणि २०११ च्या नियमांनीं संघसरकारच्या कार्यालयांना आपल्या संकेतस्थळांवर कांहीं माहिती तींत देणें भाग पडलें. एका वाक्यांत एकच विधान करावयाचें. लांबलचक सामासिक शब्द मध्यें खूण देऊन फोडावयाचा. षष्ठी टाळावयाची, संकेतार्थ टाळावयाचा, नकारही शक्य तों टाळावयाचा. (समासांवर पोसलेल्या आमच्यासारख्या मास्तरांची त्या राज्यांत धडगत नाहीं!)

असे नियम संगणकास शिकवितां येतात. कठिण उतारा घातला कीं सोपा काढून देणाऱ्या आज्ञावली तेथें आज विकत मिळतात. पण एक उदाहरण घेऊं. तेथील सरकारी निर्णयावर तो हातीं पडल्यापासून साधारणतः एका महिन्याच्या आंत हरकत घ्यावी लागते. यंत्रानें लिहिलें, ‘तुम्ही हरकत घेऊं शकतां. तुमच्याजवळ एक महिना आहे.’ वाक्यें सोपीं आहेत; परंतु महिना मोजावयाचा कोणत्या दिवसापासून? पंडिताला ही उणीव दिसेल, कारण तो मूळ कागद वाचूं शकतो. ज्याच्यासाठीं हा खटाटोप, त्याला मात्र कांहीं गळलें आहे याचीच वार्ता नसते.

येथें ज्ञानेश्वरीची आठवण होणें साहजिक आहे. गीतेचे ७०० श्लोक मराठींत आले तेव्हां त्यांच्या सुमारें ९००० ओव्या झाल्या! सोपें करणें म्हणजे छाटणें, ही समजूत त्या ग्रंथाजवळ टिकत नाहीं.

जर्मनींतील चळवळीनें एक गोष्ट मात्र घट्ट धरून ठेविली आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या परीक्षकांनीं उतारा वाचून तो कळतो असें सांगितल्यावांचून तो सोपा झाला असें समजावयाचें नाहीं. जन्मभर ज्यांची परीक्षा इतरांनीं घेतली, ते येथें परीक्षक झाले. यंत्राच्या वेगापुढें हे परीक्षक अडचणीचे वाटूं लागतील, हें आमचें खरें भय आहे.

तथापि कागदांचे ढीग मोठे आहेत आणि परीक्षक थोडे. न तपासलेला उतारा द्यावा, कीं कांहींच देऊं नये? आमच्या मतें द्यावा. मात्र त्याच्या माथ्यावर, त्याच सोप्या भाषेंत, ‘हा मजकूर कोणीं तपासलेला नाहीं’ असें छापावें. या वाक्यांत नकार आहे हें खरें. तो राहूं द्यावा.