तोटा नेमका कुणाचा?

सेनगावचा रस्ता वर्षाला किती नफा कमावतो, असं कुणी विचारत नाही. रस्ता म्हणजे गरज, एवढं पुरतं. पण त्याच रस्त्यावरची एसटी किंवा हिंगोलीहून सुटणारी पॅसेंजर अर्धी रिकामी दिसली, की लगेच हिशेब निघतो: तोट्यात चालते, बंद करा.

हे म्हणणं अगदीच चूक नाही. पंधरा माणसांसाठी आठ डबे ओढायचे, त्यासाठी डिझेल जाळायचं, कर्मचारी ठेवायचे. तोच पैसा आरोग्य केंद्राला दिला तर जास्त लोकांचं भलं होईल. थोड्यांच्या सोयीसाठी सगळ्यांनी का भरायचं?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या आडगावांच्या रेल्वेपुढे हाच पेच होता. वाफेचं इंजिन आणि मागे डबे, हे तिथल्या छोट्या मार्गांना परवडत नव्हतं. १९५० पासून यूर्डिंगेनच्या कारखान्यातून रेलबस बाहेर पडू लागल्या. हलका डबा, दोनच आस आणि रस्त्यावरच्या बससारखंच डिझेल इंजिन. सरकारी रेल्वेनं त्या शेकड्यांनी घेतल्या. लहान खासगी रेल्वे कंपन्यांनीही रेलबस चालवल्या. 'छोट्या मार्गांची तारणहार' असं नावच या गाडीला पडलं. पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि त्यातले बरेच मार्ग बंद झाले, हेही खरं. पण 'चालवायची की बंद करायची' या दोनच पर्यायांत न अडकता त्यांनी तिसरा प्रश्न विचारला: गाडी गरजेएवढी लहान करता येईल का?

आपल्याकडे विदर्भातली शकुंतला आठवा. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर जोडणारी ही नॅरोगेज कापसासाठी ब्रिटिश कंपनीनं बांधली. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण गाडीचा वेग, फेऱ्या आणि रूळ यांचं दुखणं तसंच राहिलं. आज ती बंद आहे. तिच्यावर आपण माया खूप केली, खर्च मात्र केला नाही.

इथेच हिशेबाची गोम आहे. आधी फेऱ्या कमी होतात, मग वेळ गैरसोयीची होते. कॉलेज सुटतं चारला, गाडी निघते तीनला. लोक वडापकडे वळतात. मग आकडे दाखवून सांगितलं जातं की प्रवासीच नाहीत. म्हणजे तोटा आपणच घडवायचा आणि त्याचा दोष गावावर टाकायचा. शिवाय वहीत फक्त तिकिटाचे पैसे येतात. मुलीचं सुटलेलं कॉलेज, दवाखान्याची चुकलेली तारीख, वडापला जादा गेलेले पैसे त्या वहीत येत नाहीत. तोटा नाहीसा होत नाही, सरकारच्या खिशातून गरिबाच्या खिशात सरकतो.

म्हणून प्रत्येक रूळ जपलाच पाहिजे, असं नाही. बसनं काम भागत असेल तर रूळ उखडताना रडू नये. पण क्रम पाळावा: आधी पर्याय द्या, मग जुनं काढा. 'गाव तिथे एसटी' असं म्हणताना गावात डोकी किती, असं आपण विचारलं नव्हतं. थोडी माणसं असतील तर त्यांना थोडी जागा द्यावी, लहान गाडी द्यावी. माणसं थोडी आहेत, एवढ्यावरून त्यांचा हक्क थोडा होत नाही.