आधी ओळख, मग चूल

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की ठाणे, पालघर आणि रायगडच्या रानांत पालापाचोळ्यातून तपकिरी-जांभळे कोंब वर येतात. त्यांना शेवळं म्हणतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या जातकुळीतील एका रानकंदाचा फुलोरा, जो पानाच्या आधी उगवतो आणि थोड्याच दिवसांत दिसेनासा होतो.

शेवळांची भाजी घाई करणाऱ्याला माफ करत नाही. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांमुळे घशाला खाज सुटते. म्हणून जाणत्या स्त्रिया बाहेरचे आवरण सोलतात, आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि उरलेले बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवतात. काकडं ही काकडी नव्हे, तर त्याच सुमारास रानात मिळणारी आवळ्याएवढी आंबट फळे होत. आधी ओळख, मग चूल, असा या भाजीचा रिवाज आहे.

माणसांशी वागतानाही हाच रिवाज उपयोगी पडतो, कारण ज्याचा स्वभाव खाजरा वाटतो, त्याच्याजवळ जाण्याची रीत बहुधा आपणच शिकलेली नसते. आधी ओळख, मग मत.

शेवळांची ही रीत आदिवासी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि ते ज्ञान भाजीइतकेच मोलाचे आहे. तेव्हा श्रोतेहो, यंदा बाजारात शेवळांची जुडी दिसली तर भावाची घासाघीस करू नका. सोबत काकडं मागून घ्या आणि ही भाजी कशी रांधावी, हे विकणाऱ्या मावशींनाच आदराने विचारा.