मी नेमस्त आहे

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. बदलापूरहून सुटलेली सकाळची फास्ट अंबरनाथला आली तेव्हा डब्यात पेढे वाटले जात होते. बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी आदल्या संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला होता. रोजच्या ग्रुपमधल्या एका तरुणाने बॉक्स माझ्यापुढे धरला. "घ्या काका, न्याय झाला."

"नको रे," मी म्हटले.

बॉक्स तसाच राहिला. "का? तुम्ही त्याच्या बाजूचे?"

कल्याण आले तरी मला उत्तर सुचले नव्हते.

त्या तरुणाचा राग खोटा नव्हता. त्याच्या घरी बालवाडीत जाणारी मुलगी आहे. महिनाभरापूर्वी, २० ऑगस्टला, हजारो लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, त्यांत तोही होता. तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले होते. माणसे रुळांवर आली नसती तर हे प्रकरण इतक्या वेगाने हलले असते असे मला वाटत नाही. दोन दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशीचा संताप माझाही होता.

मग पेढा का नको? कारण दोन्ही वेळा माझे मागणे एकच होते : कायद्याने आपले काम करावे. मुलींची तक्रार ऐकताना त्याने वेळकाढूपणा करू नये आणि आरोपीला शिक्षा देताना वाट सोडू नये. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. साक्षी, उलटतपासणी, पुरावे, यांतून जे उजेडात आले असते ते त्याच्याबरोबर जाते. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले होते. ज्याला आपण न्याय म्हणून तोंड गोड केले, त्याचीच चौकशी करायची वेळ आली.

पण असे मत असलेल्या माणसाला म्हणायचे काय? गेले वर्षभर मी त्यासाठी शब्द शोधतो आहे.

पहिला हाताशी आला 'तटस्थ'. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. मी अंबरनाथला वालधुनीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचे शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. २६ जुलै २००५ ला नदी वस्तीत शिरली, तेव्हा काठ कुठे संपतो आणि पात्र कुठे सुरू होते हेच कळेना. एरवीही तिच्या पाण्याचा रंग आणि वास रोज सांगतो, की वर कुणीतरी काहीतरी सोडले आहे. अशा नदीच्या शेजाऱ्याला काठावरून बघत राहता येत नाही.

दुसरा शब्द 'मध्यममार्गी'. बुद्धाचा मध्यम मार्ग ही आचरणाची कठोर शिस्त होती. राजकारणात मात्र तो शब्द इकडचे थोडे आणि तिकडचे थोडे एवढ्यापुरता उरला आहे. टोके सरकली की मध्यही सरकतो. एक म्हणतो गोळी घाला, दुसरा म्हणतो भर चौकात घाला. या दोघांचा मध्य काढून माझ्या हाती काय लागणार?

उल्हासनगरच्या इमारतींचा प्रश्न घ्या. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पुढे गरज आणि लोभ यांनी मिळून तिथे मजल्यांवर मजले चढवले. ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न न्यायालयात आला, तेव्हा शहर दोन आरोळ्यांत विभागले : पाडा, नाहीतर सगळ्या कायम करा. २००६ मध्ये सरकारने खास उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा कायदा केला. आणि २०२१ च्या मे महिन्यात, दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळून आतली माणसे मेली. कागदाने इमारत नियमित होते, तिच्यातली गंजलेली सळई होत नाही. तिथे खरी भूमिका तिसरीच होती : एकालाही बेघर करू नका, पण एकही इमारत तपासल्याशिवाय सोडू नका. 'पाडा' आणि 'राहू द्या' यांच्या अधेमधे ही भूमिका सापडत नाही. ती दोन्हींपेक्षा कष्टाची आहे. तिला इंजिनीअर लागतात, पैसे लागतात, संक्रमण शिबिरे लागतात, आणि निवडणुकीनंतरही टिकणारी चिकाटी लागते.

'लिबरल' आणि 'पुरोगामी' हे शब्द आता एकमेकांना मारायचे दगड झाले आहेत. राहिला 'मवाळ'. शाळेच्या इतिहासात आपण जहाल आणि मवाळ शिकलो, आणि कुठल्याही मुलाला मवाळ व्हावेसे वाटले नाही. मवाळ म्हणजे मऊ, कणा नसलेला. पण ज्यांना हे नाव चिकटले त्यांचे काम पाहा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. गावोगावच्या पोरांना शाळेत बसवण्याचे ते स्वप्न देशाच्या कायद्यात मूलभूत हक्क म्हणून अमलात यायला २०१० साल उजाडले. त्या मागणीत मवाळ काय होते?

मवाळांच्या मर्यादाही होत्या. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी फार भिस्त ठेवली आणि इंग्रजांनी ती वारंवार फोल ठरवली. टिळकांनी मंडालेचा तुरुंग सोसला नसता तर स्वराज्याची मागणी घराघरांत पोचली नसती. हे ऋण मान्य करूनच मी मवाळांच्याच परंपरेतल्या न्यायमूर्ती रानड्यांकडे वळतो.

सार्वजनिक सभा ही संस्था टिळकांच्या अनुयायांच्या हाती गेल्यावर १८९६ मध्ये रानड्यांनी पुण्यात डेक्कन सभा काढली. तिची ओळख सांगताना त्यांनी दोन तत्त्वे पुढे ठेवली, उदारमतवाद आणि नेमस्तपणा. पहिल्याचा आशय असा, की वंश आणि धर्म यांचे पूर्वग्रह टाकून माणसामाणसांत न्याय करावा. दुसऱ्याचा असा, की अशक्याच्या मागे न धावता रोज पुढचे एक पाऊल टाकावे.

मला हवा असलेला शब्द तिथे होता. 'नेमस्त'. मराठीत 'नेम' म्हणजे व्रत. आजी एकादशीचा नेम पाळायची, तब्येत बरी नसली तरी. 'नेम' म्हणजे रोख. नेम धरल्याशिवाय आंबा पडत नाही. आणि 'नेम' म्हणजे भरवसा. ज्याच्या वागण्याचा ठाव लागत नाही त्याला आपण म्हणतो, याचा काही नेम नाही. नेमस्त माणसाकडून मला हे तिन्ही हवे आहेत. आपला पक्ष सत्तेत असो वा नसो, नियम तोच ठेवणे. रागाचा रोख दोषावर धरणे, गर्दीने दाखवलेल्या माणसावर नव्हे. आणि उद्या काय म्हणेल याचा शत्रूलाही भरवसा वाटावा, असे आज बोलणे.

या शब्दाने मत सौम्य होत नाही. बांधले जाते. रागावण्याची मोकळीक त्यात पूर्ण आहे; सोयीने नियम बदलण्याची मात्र नाही. म्हणूनच नेमस्त असणे रुळांवर उतरण्याइतकेच अवघड आहे, कधीकधी जास्त, कारण इथे गर्दी बरोबर नसते.

तो तरुण अजून त्याच गाडीला असतो, मला अजून जागा धरून ठेवतो. त्या सकाळचे उत्तर मी त्याला परवा दिले. म्हटले, मी तुझ्या मुलीच्या बाजूचा आहे. उद्या तिच्यावर वेळ आली तर ठाण्यात तिची तक्रार पहिल्या तासात लिहून घेतली जावी, आणि तिच्या गुन्हेगाराने कोर्टात उभे राहून, पुराव्याने दोषी ठरून शिक्षा भोगावी. यातले एकही मला कमी चालणार नाही. या मताला नेमस्त म्हणतात.

तुमचे मतही असे असेल, आणि नाव नाही म्हणून तुम्ही डब्यात गप्प बसत असाल, तर हा शब्द घ्या. तो आपलाच आहे. मोठ्याने म्हणा.