गडाचे तिकीट आणि निष्ठेचे मोल

करमणुकीच्या उद्यानाचे, म्हणजे ज्याला सर्रास थीम पार्क म्हटले जाते त्याचे, सारे अर्थकारण एका साध्या गोष्टीवर उभे असते: ज्याचा जीव एखाद्या जागेत गुंतला आहे तो दर वाढले म्हणून लगेच पाठ फिरवत नाही. दर वाढल्यावर गिऱ्हाईक किती घटते, या प्रमाणाला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. निष्ठावंताची मागणी सर्वांत ताठर असते, त्यामुळे दरवाढीचा भार इतर कोणाही आधी त्याच्याच खिशावर येतो. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा दाराशी थोडे पैसे घेऊन आतल्या प्रत्येक खेळासाठी वेगळे तिकीट लावले जाई. १९८० च्या दशकात ती पद्धत मोडून एकच घसघशीत प्रवेशमूल्य सुरू झाले, आणि आता ऐन गर्दीच्या दिवशी ते माणशी दोनशे डॉलरच्या पुढे जाते. प्रवेशाचे वेगळे आणि वापराचे वेगळे, अशा दुहेरी दराचे गणित वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याच उद्यानाचे उदाहरण घेऊन मांडले होते.

महाराष्ट्रात या धंद्याची सुरुवात गोराईच्या एस्सेलवर्ल्डने १९८९ मध्ये केली, आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. इमॅजिकाला अपेक्षेइतके पाहुणे मिळाले नाहीत, कर्जाचे ओझे वाढले आणि २०२२ मध्ये त्याची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. तिथल्या पाळण्यांवर कोणाचे कितीही प्रेम असले तरी दर परवडेनासा झाल्यावर तिकडे न जाणे यात निष्ठाभंग कसला? मालकाने सेवा विकली, गिऱ्हाइकाने ती घेतली, हिशोब तिथेच मिटला. जुन्या चाहत्याने न जाणे हाच तिथे सर्वांत स्पष्ट निरोप असतो, आणि तो थेट गल्ल्यापर्यंत पोहोचतो.

खरी गुंतागुंत इमॅजिकाच्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महाड तालुक्यात आहे. ज्या गडाच्या नावावरून १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलले गेले तो रायगड थीम पार्क नाही. तरीही त्याच्याभोवतीची बाजारपेठ, कोणी तशी योजना न करताही, १९५५ च्या डिस्नेलँडसारखीच रचली गेली आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रवेशशुल्क भारतीय नागरिकाला २५ रुपये, म्हणजे महाडच्या बाजारात एका वडापावाला जेवढे द्यावे लागतात त्याच्या आसपास. पुढे मात्र १९९६ पासून चालू असलेला रोपवे, गाडीतळ, वाटाड्या, मुक्काम, जेवण आणि पाण्याची बाटली या प्रत्येकाचा दर वेगळा आहे, आणि पनवेलहून चौघांचे कुटुंब निघाले तर गडावरचा खर्च प्रवासखर्चाच्या पंगतीला जाऊन बसतो.

या दरांपैकी रोपवेचा विचार थोडा सावकाश करावा लागतो. चित् दरवाज्यापासून महादरवाज्यापर्यंतची चढण दीड ते दोन तासांची आहे, आणि वाटेवर ताक, लिंबूसरबत, मीठमसाला लावलेली काकडी आणि उन्हाळ्यात पानांच्या द्रोणांतून करवंदे विकणाऱ्या पायथ्याच्या वाड्यांतल्या बायका बसलेल्या असतात. माठावर ओला फडका टाकलेला असतो, आणि धापा टाकत आलेला माणूस पहिला पेला उभ्यानेच संपवून दुसरा मागतो. रोपवेचा पाळणा ही सारी वाट टाळून चार-पाच मिनिटांत वर पोहोचतो. परिणामी जो पैसा चढणीवर दहा ठिकाणी थोडाथोडा सांडत असे, त्यातला बराचसा एका खिडकीवर गोळा होतो. खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. दूध घालायला गडावर जाऊन अडकलेल्या गवळणीची कथा ज्या वाडीला चिकटली आहे तिथेच हे घडावे, यातला विरोधाभास बोचरा आहे. मात्र रोपवे म्हणजे निव्वळ चैन, हा धडधाकट गिर्यारोहकांचा आवडता शेरा अन्यायाचा आहे, कारण गुडघे गेलेल्या आजीला जगदीश्वराचे दर्शन त्याखेरीज घडणार नाही. तक्रार पाळण्याच्या असण्याबद्दल नाही. पायवाट, तिच्यावरची सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे यांची हेळसांड होऊन पाळणा हाच एकमेव सोयीचा मार्ग उरला, तर ऐच्छिक दर सक्तीचा होतो, एवढेच म्हणणे आहे.

अल्बर्ट हर्शमन या विचारवंताने १९७० मध्ये असे दाखवले की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा त्याला पहिल्या वाटेवरून अडवून दुसरीकडे वळवते. रायगडाला पर्याय नाही, त्यामुळे शिवभक्ताला सोडून जाण्याची वाट बंदच आहे; उरतो तो आवाज. या आवाजाचा जुना दाखला गडावरच आहे. तिथल्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था पाहून १८९० च्या दशकात टिळकांनी वर्गणीची हाक दिली, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला आणि १९२० च्या दशकात समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. ती वर्गणी देणाऱ्याला गडाच्या अवस्थेबद्दल जाब विचारता येत होता. ६ जूनला राज्याभिषेकदिनी लोटणाऱ्या लाखभर लोकांनी घोषणांच्या जोडीने पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशोब मागितला, तर तो टाळणे कोणत्याही प्राधिकरणाला जड जाईल. जुलै २०२५ मध्ये गडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. आता गर्दी आणि दर दोन्ही वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

गडाच्या वाटेवरचे महाड सार्वजनिक जागेचा अर्थ शिकवणारे गाव आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि अस्पृश्यांना तळ्यावर होणाऱ्या अटकावाची रूढी पुरातन असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. जातीच्या अटकावाशी तिकिटाच्या दराची बरोबरी करणे उथळपणाचे ठरेल. तरी जागा सर्वांची ठरल्यावर ती सर्वांच्या आवाक्यात ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिथूनच पुढे येतो.

तेव्हा निष्ठावंताने जावे की न जावे? करमणुकीच्या उद्यानात परवडेल तोवर जावे, पुढे खुशाल सोडावे. रायगडावर जावे, पण शक्य असेल त्याने महाडहून एसटीने पाचाडला उतरून, जिजाऊंच्या समाधीपाशी थांबून, पायऱ्यांनी चढावे, आडवारी जावे आणि ताकाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. शिवाय निष्ठा एकाच शिखरापुरती का असावी, हेही तपासावे. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे, चंद्रगडाची अवघड वाट आहे, आणि खुद्द पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. तिच्यासाठी तिकीट नाही, रांगही नाही; महामार्गावरून प्रतापगडाकडे वळणाऱ्या शेकडो गाड्यांपैकी तिथे थांबणाऱ्या मोजक्याच.